बॉनेट पडण्याआधी

"काय वास घेताय, मिस्त्री?"

करड्या गाडीतलं पायाखालचं कार्पेट उचलून मी नाक खाली घातलं होतं. गाडीचा मालक बाहेर दाराला टेकून उभा होता.

"पाण्याचा," मी म्हणालो.

"पाण्याला वास असतोय?"

"पुराच्या पाण्याला असतोय."

तो हसला नाही, रागावलाही नाही. घ्या वास, अशा अर्थाने त्याने नुसता हात हलवला. मला तेच खटकलं. ज्याच्या गाडीवर पुराचा संशय घेतला तो माणूस चिडतो, आईची शपथ घेतो, निदान चहा तरी मागवतो. हा माणूस शांत उभा होता.

मोठा पूर येऊन गेला त्यानंतरचा तो हिवाळा होता. कोल्हापुरात आणि सांगलीकडे चार-पाच दिवस पाण्याखाली राहिलेल्या गाड्या धुऊन, पुसून, अत्तर मारून विकायला निघाल्या होत्या. उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजवर रोज एखादा फसलेला माणूस यायचा. त्यामुळे मी कुठलीच गाडी सरळ नजरेने बघत नव्हतो.

मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला. गाडी धुणारे वरचा पट्टा धुतात, आत गुंडाळलेल्या टोकाला गाळाची रेघ तशीच राहते. रेघ नव्हती. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घातला, दिव्यांच्या काचेत बघितलं, इंजिनाला कान लावला. काही सापडेना. आणि जसजसं काही सापडेना तसतसा माझा संशय वाढत गेला.

त्या माणसाचं नाव रुद्राप्पा कोरी. गडहिंग्लजचा. साखर कारखान्यात बॉयलरवर छत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेला. पांढरा सदरा, पायजमा, पायात चामडी वहाण आणि सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं. बेंगळुरूच्या मुलाने त्याला ही गाडी घेऊन दिली होती. पाच दारांची, आटोपशीर, टर्बो इंजिनाची, दीड वर्षाची. आणि ती देऊन त्याला इंद्रजितची लाल गाडी पाहिजे होती. वरचे पैसे नकोत. गाडीला गाडी.

इंद्रजित जगदाळेची लाल गाडी परदेशातून आलेली होती. दोनच माणसांची, बुटकी, छप्पर मागे दुमडणारी. दहा वर्षं जुनी. इंद्रजित माझ्या हाताखाली पाने उचलून देत मोठा झालेला, बापाची फौंड्री सांभाळणारा आणि उरलेला वेळ गाड्या पळवणारा. लग्न झालं तोवर ठीक होतं. मुलगी झाली, आठ महिन्यांची झाली, आणि तिला मांडीवर घेऊन पन्हाळ्याला एकदा जाऊन आल्यावर सोनलने, म्हणजे त्याच्या बायकोने, सांगून टाकलं की त्या गाडीत ती परत पाय ठेवणार नाही. घरात एकच गाडी राहील आणि तिला मागची सीट असेल. इंद्रजित महिनाभर रुसला, मग त्याने मोबाइलवर जाहिरात टाकली. दुसऱ्याच दिवशी कोरींचा फोन.

"पासष्ट वर्षांचा माणूस," मी इंद्रजितला बाजूला घेऊन म्हणालो, "पायजमा घालून ह्या गाडीत कसा बसणार? आणि नवी गाडी देऊन जुनी का घेतोय?"

"विचारा की त्यांनाच."

मी विचारलं होतं. तो म्हणाला होता, कारण घरगुती आहे. एवढंच.

आमच्यात गाडीला गाडी देताना एक रीत होती. कुणी लिहून ठेवलेली नाही, पण उद्यमनगरात सगळे पाळायचे. गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या करायच्या, बॉनेटं उघडी ठेवायची. ज्याला आपल्या गाडीची जी खोट माहीत असेल ती त्याने बॉनेट उघडं असेपर्यंत सांगायची. एकदा बॉनेट पाडलं की मग कुणी कुणाला बोल लावायचा नाही. आणि बॉनेट पाडायचं ते मिस्त्रीने. माझ्या हाताने पाडलेल्या बॉनेटावर माणसं डोळे झाकून व्यवहार करायची. ती माझी एवढ्या वर्षांची कमाई होती.

लाल गाडीत एक खोट होती. मागच्या डाव्या चाकाचं ब्रेक. त्याचा आतला दट्ट्या झिजलेला होता. गावात फिरताना काही कळायचं नाही. पण लांब घाट उतरताना ब्रेक तापलं की तो दट्ट्या चिकटायचा, ब्रेक सुटायचं नाही, आणखी तापायचं, आतलं तेल उकळायचं आणि पेडल थेट तळाला जायचं. पावसाळ्याआधी गगनबावड्याच्या घाटात इंद्रजितच्या पायाखालचं पेडल असंच गेलं. हँडब्रेक आणि गिअर लावून, बाजूच्या दरडीला घासत त्याने गाडी थांबवली. पार्ट इकडे मिळत नव्हता. मी रबर बदलून, घासूनपुसून बसवलं आणि त्याला सांगितलं की आता घाटात न्यायची नाही.

त्या दिवशी कोरी यायच्या आधी इंद्रजित म्हणाला, "ब्रेकचं काढू नका, मिस्त्री. त्यांना कुठं घाट उतरायचाय? गडहिंग्लजच्या बाजारात फिरवतील."

तो कोरी आपल्याला फसवायला आलाय हे मी मनात पक्कं केलं होतं. फसवायला आलेल्याला आपण होऊन सगळं कशाला सांगायचं, असा माझा हिशेब झाला.

कोरींनी लाल गाडी फारशी बघितलीच नाही. दार उघडून डाव्या बाजूच्या सीटवर हात फिरवला, ती पुढे-मागे सरकवून बघितली, बस्स. मग टर्बोबद्दल इंद्रजितला समजावत बसले. इंजिनातून बाहेर जाणारा धूर एक चाक फिरवतो, ते चाक इंजिनात ज्यादा हवा ढकलतं, कारखान्यात वाफेवर टर्बाइन फिरतं त्याचीच ही लहान बहीण, असं काहीसं. इंद्रजितचे डोळे चमकले. महिन्याभरात पहिल्यांदा त्याचा चेहरा उघडला. मला वाटलं, असंच गोड बोलून भुलवतात.

मी बॉनेटला हात घातला तेव्हा कोरींनी खिशातून एक चौघडी कागद काढला आणि माझ्यासमोर धरला.

"हे वाचून घ्या, मिस्त्री."

मी कागद उघडला. दोन्ही बाजू निळ्या अक्षरांनी भरल्या होत्या. ओळी कशा, सुतात आखल्यासारख्या.

"चष्मा घरी राहिलाय," मी म्हणालो.

चष्मा माझ्या खिशात होता. त्याने मला स्क्रूवरची खाच दिसायची. अक्षर दिसून मला उपयोग नव्हता, कारण मला वाचता येत नव्हतं. आकडे येत होते, सही येत होती. बाकीचं काम मी अशाच वाक्यांवर चालवलं होतं. चष्मा राहिलाय, हात तेलाचे आहेत, तूच वाच की जरा. सहासष्ट वर्षं गेली होती त्यात.

एरवी मी इंद्रजितच्या हातात कागद दिला असता. पण संशय आला की हा मला कशाततरी बांधून घेतोय. उद्या गाडी बंद पडली की म्हणेल, मी लिहून दिलं होतं, मिस्त्रीने घेतलं. इंद्रजितने वाचलं तर आपण दोघंही बांधले जाऊ. मी घडी घातली आणि कागद आतल्या खिशात सारला.

"निवांत बघतो."

"बघा. तुमच्याकडनं काही?" कोरींनी लाल गाडीकडे मान केली.

इंद्रजित माझ्याकडे बघत होता. दुपारचे साडेतीन वाजले असतील. समोरच्या शॉपमध्ये लेथ चालू होता, त्याचा आवाज मला आजही आठवतो.

"रोजच्या वापराला नंबर एक गाडी आहे," मी म्हणालो.

एक शब्द खोटा नव्हता. मी दोन्ही बॉनेटं पाडली.

संध्याकाळी इंद्रजित मला करड्या गाडीतून घरी सोडायला आला. मागच्या सीटवर मुलीची छोटी खुर्ची आधीच बसवली होती. हायवेला त्याने एकदा पाय दाबला आणि गाडी अशी निघाली की मी डॅशबोर्ड धरला. तो हसला. म्हणाला, सोनलला सांगू नका. मी मात्र कानाने इंजिन तपासत होतो. कुठं काय असेल, कधी बाहेर पडेल. जेवतानाही तेच. सून वैजयंता म्हणालीसुद्धा, मामा, भाकरीकडे असं काय बघताय, तिच्यात काय खोट आहे?

सकाळी ती कपडे भिजवत होती. आतल्या खिशातला कागद घेऊन ती बाहेर आली.

"मामा, हा कामाचा आहे का टाकू?"

"काय लिहिलंय बघ."

ती ओट्यावर बसून वाचायला लागली. घरात मला वाचता येत नाही हे तिला माहीत होतं. आमच्यात त्याचा उच्चार नव्हता, एवढंच. त्यात गाडीच्या दोषांची यादी होती. मागच्या डाव्या दाराची काच थंडीत अडकते. पुढच्या उजव्या टायरला दोनदा पंक्चर. लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, मिनिटभर तसंच चालू ठेवावं, टर्बोला बरं असतं. मागच्या बंपरला गोठ्याचा खांब लागला होता, रंग देऊन घेतला आहे.

मी चमकलो. तो रंग मला दिसला नव्हता. वास घेतला, कान लावला, गाळ शोधला, आणि रंग दिलेला बंपर डोळ्यांसमोर असून दिसला नाही.

"पुढं?"

वैजयंताने कागद उलटला. "'गाडी चांगली आहे. देण्याचे कारण घरगुती आहे. उद्या सकाळी आठ वाजता आम्ही उभयता नव्या गाडीने आंबोलीमार्गे वेंगुर्ल्यास निघत आहोत. घाट उतरायचा असल्याने लाल गाडीत काही असल्यास आज रात्रीपर्यंत कळवावे. फोन न आल्यास सर्व ठीक आहे असे समजून निघू.' आणि नंबर आहे. मामा? काय झालं?"

सात वाजून गेले होते. तिने फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तसंच. मी तिला लावत राहायला सांगितलं आणि चप्पल घालून इंद्रजितकडे गेलो. दोन गल्ल्या अलीकडे-पलीकडे आमची घरं.

तो अंगणात करडी गाडी पुसत होता. मी त्याला कागद दिला. त्याने तो उभ्याउभ्याच वाचला.

"कालच का नाही वाचला, मिस्त्री?"

"मला वाचता येत नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. वीस वर्षं तो माझ्याबरोबर होता.

"सांगितलं तर गाडी परत मागतील," तो हळू म्हणाला. आत मुलीच्या रडण्याचा आवाज येत होता.

"मागू देत. किल्ली घे नाहीतर मला दे."

त्याने किल्ली मला दिली नाही. तो स्वतः बसला. निपाणी मागे पडली, मग आजऱ्याची वाट लागली. त्या गाडीला काल मी ऐकून ऐकून दमलो होतो, आज ती जीव तोडून पळत होती आणि मला तिचा आवाजही ऐकू येत नव्हता. पुढे उसाच्या ट्रॉल्या होत्या. इंद्रजित त्यांना मागे टाकत होता. प्रत्येक वळणावर मी लाल रंग शोधत होतो. एकदा लाल दिसलं, तर ती दुधाची टाकी निघाली. वैजयंताचा फोन आला, की ते अजूनही उचलत नाहीत.

आजऱ्याच्या पुढे झाडी लागली आणि मग फोनही बंद झाला.

दहाला दहा कमी असताना आंबोली आली. घाट सुरू व्हायच्या जरा अलीकडे चहाची टपरी आहे. तिथे लाल गाडी उभी होती, छप्पर मागे दुमडलेलं. कोरी पैसे देत होते. डाव्या सीटवर एक बाई बसली होती. नऊवारी, वर पुरुषी स्वेटर, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, मांडीवर पिशवी. आमच्या गाडीचे ब्रेक करकरले तसं दोघांनी वळून बघितलं.

मी उतरलो.

"मागचं डावं ब्रेक," मी म्हणालो. "तापलं की चिकटतंय. घाट निम्मा उतरलात की पेडल खाली गेलं असतं. मला माहीत होतं."

कोरींनी इंद्रजितकडे बघितलं. "ह्यांना?"

"मलापण," इंद्रजित म्हणाला.

कोरी ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सुटे पैसे खिशात टाकले, मग घड्याळ बघितलं.

"काल साडेतीनला मी कागद दिला तुम्हाला."

"आज सातला कळलं. मला वाचता येत नाही."

"मग तसं सांगायचं. चष्मा तर खिशात दिसत होता. मी म्हटलं, असंल बाबा, माणूस निवांत वाचंल." ते थांबले. "बॉयलरवर कानात बोललेलंही ऐकू येत नाही. एवढा दणका असतोय. म्हणून पाळी बदलताना, चार्ज देताना, सगळं लिहून द्यायचं. समोरच्याने कोरा कागद दिला तर सगळं ठीक, आपण बिनघोर उभं राहायचं. छत्तीस वर्षं मी दुसऱ्याच्या कागदावर बिनघोर उभा राहिलो. काल रात्री दहापर्यंत फोन घेऊन बसलो होतो. तुमच्याकडनं कोरं आलं."

"आणि सकाळी फोन का उचलला नाहीत?"

"आठपर्यंत पूजेत होतो. मग गाडी चालवताना उचलत नाही."

बाई खाली उतरल्या. त्या निलव्वा, त्यांच्या पत्नी. त्यांनी नवऱ्याला कानडीत काहीतरी विचारलं, त्याने सांगितलं. त्यांनी पुढे होऊन ते मागचं डावं चाक बघितलं. मग दरीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

इंद्रजितने करड्या गाडीची किल्ली पुढे केली. "तुमची गाडी तुम्ही घ्या. झालं ते रद्द. चूक आमची आहे."

"रद्द कशाला?" निलव्वा म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी मागं बसले, बाळ. स्कूटरवर मागं. जिपात मागं, पिशव्या न् पोरं घेऊन. पोराने ही मोठी गाडी दिली, तर पुढं कधी ह्यांचा भाऊ, कधी जावई, न् मी मागं. कुणी मुद्दाम करत नाही. जागा असती, म्हणून बसवतात." त्यांनी लाल गाडीच्या दारावर हात ठेवला. "हिला मागं जागाच नाही. तुमची जाहिरात मीच दाखवली ह्यांना."

कोरी जमिनीकडे बघत होते. घरगुती कारण ते हे होतं. मी त्याच्यासाठी कार्पेट उचलून वास घेत बसलो होतो.

निलव्वांनी करड्या गाडीत डोकावून बघितलं. "बाळाची खुर्ची बसवलीय की. आता काढणार होय ती? आम्हाला चार दिवस द्या ही गाडी. वेंगुर्ल्याला जाऊन येतो. तोवर तुम्ही आमची नीट करा."

आमची, म्हणाल्या.

त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. इंद्रजित लहान मुलाची खुर्ची काढायला वाकला तर म्हणाल्या, असू दे, सोबत होतीय. कोरींनी गाडी सुरू केली. जाताना त्यांनी मला एवढंच विचारलं, की चार दिवसांत खरंच होईल का. मी होय म्हणालो. ते काही क्षण माझ्याकडे बघत राहिले. माझ्या होय म्हणण्याला आता काय किंमत आहे याचा अंदाज घेत असतील.

लाल गाडी आम्ही हळूहळू सपाटीवरून परत आणली. पार्ट मिळत नव्हता तर मी तो करवून घेतला. समोरच्या शॉपमधल्या टर्नरने माझ्या देखत स्टीलचा दट्ट्या कातून दिला. दोन वाया गेले, तिसरा बसला. हे मला पावसाळ्याआधीही करता आलं असतं. मग इंद्रजित आणि मी त्याच गगनबावड्याच्या घाटात तीनदा उतरलो, तिसऱ्यांदा मुद्दाम ब्रेक तापवत. पेडल जिथल्या तिथे राहिलं. पाचव्या दिवशी कोरी गॅरेजवर आले. मी बॉनेट उघडं ठेवून एकेक गोष्ट सांगितली. त्यांनी सगळं ऐकलं, मान हलवली आणि गाडी घेऊन गेले. त्यांनी सही मागितली नाही, कागद मागितला नाही. पण त्यांची नजर एकदा माझ्या रिकाम्या हातांकडे गेली, ती मी बघितली.

त्याच आठवड्यात मी वैजयंताला म्हणालो, मला शिकव. ती हसली नाही. दुपारी धुणं-भांडी झाली की आम्ही ओट्यावर बसायचो. पेन्सिल मी पान्यासारखी आवळायचो, टोक मोडायचं. पुस्तक नको म्हणालो. कोरींचा कागद होताच. ग गाडीचा, क काचेचा, ट टायरचा. सगळ्यात आधी मला जे वाचता आलं ते 'मागच्या डाव्या दाराची काच थंडीत अडकते'. त्याला पाच महिने लागले. लिहायला त्याहून जास्त.

सव्वा वर्षाने मी एसटीने गडहिंग्लजला गेलो. लाल गाडी त्यांच्या दारात उभी होती, डाव्या सीटवर टर्किश टॉवेल अंथरलेला. निलव्वांनी आतून विचारलं, कोण आहे. कोरी म्हणाले, चार्ज द्यायला आलेत.

मी खिशातून चौघडी कागद काढून त्यांना दिला. सहा ओळी होत्या. लाल गाडी. मागचे डावे ब्रेक. दट्ट्या झिजला होता. मला ठाऊक होते. मी सांगितले नाही. नवा दट्ट्या बसवला, घाटात तीनदा तपासला. खाली सही आणि तारीख, त्या चार दिवसांनंतरची, दुरुस्त गाडी त्यांना दिली त्या दिवशीची.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग कागद माझ्याकडे परत दिला.

"वेळ घातली नाही."

त्यांनी दोनातलं एक पेन काढून माझ्या हातात ठेवलं. मी आठवून वेळ लिहिली. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. 'मिनिटे' लिहायला मला वेळ लागला, ते थांबून राहिले. मग त्यांनी दुसरं पेन काढलं, माझ्या सहीखाली एक सरळ रेघ ओढली आणि रेघेखाली लिहिलं. ते मी माझं मी वाचलं.

चार्ज घेतला. रु. कोरी.